चिनी वैद्यकीय उपकरणांची कागदपत्रं इंग्रजीत आणताना: नाशिकमधल्या नव्या भाषांतरकारांसाठी

अंबडच्या एखाद्या आयातदाराकडून किंवा मुंबई नाक्याजवळच्या सर्जिकल डीलरकडून पहिलं काम येतं ते बहुतेक वेळा असं: व्हॉट्सॲपवर एक चिनी पीडीएफ, लेबलचे दोन-तीन फोटो आणि ‘इंग्लिशमध्ये करून पाहिजे, अर्जंट आहे’ एवढाच निरोप. यंत्र कुठलं, कागद कुठे जाणार, काही पत्ता नाही. तुमची एचएसकेची (चिनी भाषेच्या प्रमाणित परीक्षेची) चौथी किंवा पाचवी पातळी झाली असेल तर वाक्यं वाचता येतील, पण व्हेंटिलेटरच्या मॅन्युअलमधले शब्द त्या अभ्यासक्रमात येत नाहीत. तुम्ही बायोमेडिकल इंजिनिअर असाल तर उलट. यंत्र पाठ असतं, अक्षरं अडवतात. हा लेख दोघांसाठीही आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीभोवती फिरतात. चिनी शब्द नेमक्या कुठल्या वस्तूला लावला आहे ते आधी ओळखा, आणि ती वस्तू रोज हाताळणारे लोक इंग्रजीत तिला जे म्हणतात तेच लिहा. शब्दकोशातला अर्थ बरोबर असूनही भाषांतर चुकू शकतं, आणि इथे चुकीचा फटका टेबलावरच्या पेशंटला बसतो.

चिनी शब्द मी देवनागरीत, उच्चाराच्या जवळपास लिहिले आहेत. सूर दाखवलेले नाहीत.

१. कागद कोण वाचणार, ते आधी विचारा

एकाच मॅन्युअलची भाषांतरं तीन ठिकाणी जाऊ शकतात आणि तिन्हींची इंग्रजी वेगळी असते.

पहिलं ठिकाण म्हणजे सीडीएससीओची, म्हणजे केंद्राच्या औषध आणि उपकरण नियंत्रण संस्थेची, आयात परवान्याची फाइल. एमडी-१४ अर्ज, त्यावर मिळणारा एमडी-१५ परवाना. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ हे १ जानेवारी २०१८ला लागू झाले. पुढे टप्प्याटप्प्याने बहुतेक उपकरणं परवान्याखाली आली. भारतात धोक्यानुसार चार वर्ग आहेत, सर्वांत कमी धोक्याचा ए, सर्वांत जास्त धोक्याचा डी. ए आणि बी वर्ग ऑक्टोबर २०२२पासून, सी आणि डी ऑक्टोबर २०२३पासून. त्यामुळे पूर्वी जिथे चकचकीत इंग्रजी ब्रोशरवर भागायचं, तिथे आता पूर्ण कागदपत्रं लागतात. या फाइलमध्ये शब्द मानकातलेच हवेत.

दुसरं ठिकाण हॉस्पिटल. आपल्याकडच्या ओटीत भुलीच्या यंत्राला अजून ‘बॉइल्स’ म्हणतात, इलेक्ट्रोसर्जिकल युनिटला ‘कॉटरी’ आणि पेशंट मॉनिटरला ‘मल्टिपॅरा’. फाइलमध्ये हे शब्द चालत नाहीत. पण सिस्टर आणि टेक्निशियनसाठी भिंतीवर लावायचा एक पानी तक्ता करत असाल तर तेच शब्द वापरा, कारण घाईत तेच कळतात.

तिसरं ठिकाण कस्टम्स. न्हावा शेव्याला माल उतरला की इनव्हॉइसवरचं नाव आणि एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) जुळावे लागतात. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची उपचारयंत्रं ९०१९मध्ये येतात, गॅस मास्क आणि इतर श्वसनसाधनं ९०२०मध्ये. चिनी ‘हूशीजी’ म्हणजे व्हेंटिलेटर. त्याला इंग्रजीत ‘रेस्पिरेटर’ लिहिलं की वाचणाऱ्याला मास्क वाटू शकतो आणि माल अडकतो. शेवटचं अक्षर बदलून ‘हूशीछी’ झालं की चीनमध्ये बहुधा अग्निशमन दलाच्या पाठीवरच्या श्वसनसंचासारखं साधन असतं, मात्र तैवानच्या कागदात तोच शब्द व्हेंटिलेटरसाठी येतो. म्हणून कागद चीनचा की तैवानचा हेही विचारा. तैवानची अक्षरं पारंपरिक वळणाची, जास्त रेघांची असतात.

२. हाताशी काय काय हवं

आयातदाराकडून मागून घ्या:
- चिनी मॅन्युअलची मूळ पीडीएफ. फोटो किंवा स्कॅन हा दुसरा पर्याय
- चीनमधलं नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेला ‘उत्पादनाच्या तांत्रिक अटीं’चा दस्तऐवज
- लेबलचे चारही बाजूंचे फोटो, यंत्राच्या मागच्या पॅनेलसह
- कंपनीचं लेटरहेड, आयएसओ १३४८५ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं) प्रमाणपत्र आणि फ्री सेल सर्टिफिकेट (माल मूळ देशात खुलेपणे विकला जातो असा दाखला), इंग्रजी नाव-पत्त्यासह
- आधीच्या आवृत्तीचं इंग्रजी भाषांतर असल्यास तेही, कितीही वाईट असलं तरी

तुमच्याकडे असावं: प्लेकोसारखा शब्दकोश, ओमेगा-टी हे मोफत भाषांतर सॉफ्टवेअर आणि एक साधी एक्सेल शीट. चीनच्या संज्ञा-निर्धारण समितीचा ‘शूयू झायश्येन’ हा ऑनलाइन संज्ञाकोश जरूर वापरा. अधिकृत चिनी संज्ञेसमोर तिथे इंग्रजी प्रतिशब्द मिळतो.

कंपनीचं नाव कधीही स्वतः भाषांतरित करू नका. लेटरहेडवर जसं छापलंय तसंच, स्वल्पविरामासकट. एका कागदावर ‘मेडिकल’ आणि दुसऱ्यावर ‘मेडिकल टेक्नॉलॉजी’ आलं की दोन वेगळ्या कंपन्या आहेत का, अशी विचारणा येते आणि महिना जातो. शंका आली तर चिनी व्यवसाय परवान्यावरचा १८ अंकी-अक्षरी कोड ताडून बघा.

३. नोंदणी क्रमांक वाचायला शिका

मॅन्युअलचं पहिलं वाक्य वाचण्याआधी चिनी नोंदणी प्रमाणपत्रावरचा हा क्रमांक वाचा. पहिलं अक्षर ‘गुओ’ असेल तर नोंदणी राष्ट्रीय पातळीवरची. तिथे ‘युए’ असेल तर ग्वांगदोंग प्रांत, ‘सू’ असेल तर च्यांगसू. म्हणजे प्रांताने नोंदवलेलं, दुसऱ्या वर्गाचं उपकरण. आकड्यांच्या लगेच आधीचं अक्षर ‘जुन’ असेल तर चीनमध्येच बनलेलं, ‘जिन’ असेल तर चीनने आयात केलेलं, ‘श्यू’ असेल तर हाँगकाँग, मकाव किंवा तैवानचं. मग चार आकडे पहिल्या नोंदणीच्या वर्षाचे, एक आकडा वर्गाचा, दोन आकडे उपकरणाच्या गटाचे आणि शेवटचे चार अनुक्रमाचे.

ते गटाचे दोन आकडे सोन्यासारखे आहेत. १ ऑगस्ट २०१८पासून लागू असलेल्या वर्गीकरणात २२ गट आहेत: ०६ म्हणजे इमेजिंग, ०७ निदान आणि मॉनिटरिंग, ०८ श्वसन, भूल आणि आपत्कालीन, १० रक्त आणि डायलिसिस, १७ दातांची साधनं, २२ लॅबची उपकरणं. पुढे एखादा दुहेरी अर्थाचा शब्द आला की याच गटाच्या आधाराने निवड करता येते. मात्र जुन्या प्रमाणपत्रांत २१, ५४, ६६ असे आकडे असतात. ते आधीच्या वर्गीकरणातले. त्यांना ही यादी लावू नका.

४. यंत्र डोळ्यांनी पाहा

ही पायरी सगळे गाळतात. मला विचाराल तर निम्मं काम इथेच होतं, आणि नाशिकमध्ये ती सहज जमते. गंगापूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाका या पट्ट्यात इतकी हॉस्पिटलं आहेत की तुमच्या मॅन्युअलमधलं यंत्र, निदान त्याचा भाऊबंद, कुठे ना कुठे चालू असतो. ओळखीच्या डॉक्टरांमार्फत बायोमेडिकलच्या माणसाला गाठा. दुपारी ओटीच्या लिस्टा आटोपल्यावर जा. पेशंट असताना आत पाऊल टाकू नका आणि परवानगीशिवाय फोटो काढू नका.

‘गाओपिन द्येनदाओ’ घ्या. शब्दशः ‘उच्च वारंवारितेची विजेची सुरी’. मॅन्युअलमध्ये दर दोन ओळींनी ‘फूजीबान’ येतं, शब्दशः ‘ऋण पट्टी’. मशीन-भाषांतर त्याला ‘निगेटिव्ह प्लेट’ म्हणतं. ओटीत उभं राहून बघा: पेशंटच्या मांडीला चिकटवलेला, हाताच्या पंजाएवढा जेल लावलेला पॅड, त्यातून निघालेली वायर यंत्राच्या पुढच्या सॉकेटमध्ये गेलेली. टेक्निशियन त्याला ‘पेशंट प्लेट’ म्हणतो. वीज टोकातून शरीरात शिरते आणि या रुंद पॅडमधून परत जाते. पॅड नीट चिकटला नाही तर परतीची वीज थोड्याशा जागेत एकवटते आणि तिथली कातडी भाजते. प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा असतो, त्यामुळे ऋण-धन असं तिथे काही नसतंच. आयईसी ६०६०१-२-२ या विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात तो ‘न्यूट्रल इलेक्ट्रोड’ आहे. उत्पादक आणि डॉक्टर ‘पेशंट रिटर्न इलेक्ट्रोड’ही म्हणतात. मानकातला शब्द घ्या, संपूर्ण कागदात तोच ठेवा.

तिथेच खाली बघा. पायाने दाबायचे दोन पेडल, एक पिवळं, एक निळं. पिवळं कापण्यासाठी, निळं रक्त थांबवण्यासाठी. हे रंगही मानकाने ठरवलेले आहेत. मॅन्युअलमधलं ‘द्येनछ्ये’ म्हणजे कट आणि ‘द्येननिंग’ म्हणजे कोॲग्युलेशन. भाषांतराच्या मसुद्यात दुसऱ्यासाठी ‘कंडेन्सेशन’ आलेलं मी पाहिलं आहे. पेडलपाशी उभा राहिलेला माणूस तो शब्द लिहिणारच नाही.

५. आधी शब्दसूची, मग पहिलं वाक्य

संपूर्ण दस्तऐवज चाळून पुन्हा पुन्हा येणाऱ्या संज्ञा एक्सेलमध्ये काढा. रकाने असे ठेवा: चिनी अक्षरं, पिनयिन (रोमन लिपीतला उच्चार), ठरवलेला इंग्रजी शब्द, टाळायचा इंग्रजी शब्द, आधार, यंत्र. ‘टाळायचा शब्द’ हा रकाना लोक ठेवत नाहीत, तुम्ही ठेवा. सहा महिन्यांनी दुसरं मॅन्युअल हाती आल्यावर तोच वाचवतो.

इंग्रजी शब्द कुठून आणायचा? इथे एक वाट आहे जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. चीनची बरीचशी वैद्यकीय मानकं (‘जीबी’ म्हणजे राष्ट्रीय, ‘वायवाय’ म्हणजे औषध-उपकरण उद्योगाची) आंतरराष्ट्रीय मानकांवरच बेतलेली आहेत. जीबी ९७०६.१-२०२० हे विद्युत सुरक्षेचं मानक १ मे २०२३पासून लागू आहे आणि ते आयईसी ६०६०१-१ वर आधारलेलं आहे. जीबी/टी १६८८६ची मालिका म्हणजे आयएसओ १०९९३, शरीराशी सुसंगततेच्या चाचण्या. जीबी/टी ४२०६२-२०२२ म्हणजे आयएसओ १४९७१, जोखीम व्यवस्थापन. वायवाय/टी ०४६६.१ म्हणजे आयएसओ १५२२३-१, लेबलवरची चिन्हं. मॅन्युअलच्या शेवटी मानकांची यादी असतेच. त्यातून जोडी शोधा. आयएसओ आणि आयईसी या दोघांच्याही संकेतस्थळांवर मानकांतल्या व्याख्या मोफत वाचता येतात. ‘यिंगयोंग बूफेन’ला, म्हणजे यंत्राच्या पेशंटला टेकणाऱ्या भागाला, ‘ॲप्लिकेशन पार्ट’ म्हणायचं की आणखी काही, हा प्रश्न मग उरत नाही. मानकात तो ‘अप्लाइड पार्ट’ आहे.

६. हमखास चकवणारे शब्द

‘म्येज्युन’ आणि ‘श्याओदू’. पहिला स्टरिलायझेशन, दुसरा डिसइन्फेक्शन. हे दोन कधीही एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. स्टरिलायझेशनमध्ये जंतूंचे चिवट बीजाणूही मरतात, डिसइन्फेक्शनमध्ये ते उरू शकतात. पोटात जाणारं साधन नुसतं पुसून वापरलं जाणं किंवा प्लॅस्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये वितळणं, दोन्ही एका शब्दाने होऊ शकतं. या दोन शब्दांची प्रत्येक जागा शेवटी वेगळी शोधून तपासा.

‘जुश-बंग’ म्हणजे शब्दशः इंजेक्शन पंप. अंबडच्या कुठल्याही मेकॅनिकला इंजेक्शन पंप म्हणाल तर तो डिझेल इंजिन उघडेल. इथे हवा आहे सिरिंज पंप. त्याचा भाऊ ‘शूये-बंग’ म्हणजे इन्फ्युजन पंप.

‘जिज्या’ हा मॉनिटर अडकवायचा स्टँडही असतो आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा स्टेंटही. ‘फूज्येन’ म्हणजे यंत्रासोबतची ॲक्सेसरी, करारात ते परिशिष्ट असतं आणि स्त्रीरोगाच्या सोनोग्राफीत तेच अक्षर ‘अडनेक्सा’, म्हणजे गर्भाशयालगतचे अवयव. सोनोग्राफी मशीनच्या एकाच मॅन्युअलमध्ये दोन्ही अर्थ भेटतात. ‘शोधा आणि बदला’ हे बटण इथे वापरू नका.

‘छ्यूगुआन’ म्हणजे चेंडूनळी नव्हे, सीटी स्कॅनची एक्स-रे ट्यूब. ‘त्साइछाओ’ म्हणजे कलर डॉप्लर. ‘ल्यूल्यांग’ ऑक्सिजन काँसन्ट्रेटरवर फ्लो असतो, पण मोबाइलच्या जगात तो डेटा आणि रस्त्यावर ट्रॅफिक, त्यामुळे मशीन-भाषांतरात ‘ट्रॅफिक ५ लिटर प्रति मिनिट’ असं काहीही येतं. २०२१च्या दुसऱ्या लाटेत घराघरांत पोचलेले काँसन्ट्रेटर आठवा. ते चालवणारी माणसं डॉक्टर नव्हती, समोरची सूचना हाच त्यांचा आधार होता.

‘योश्याओछी’ नोंदणी प्रमाणपत्रावर असेल तर प्रमाणपत्राची मुदत, आणि निर्जंतुक पाकिटावर असेल तर मालाची वापरण्याची मुदत. ‘शीयोंग छीश्येन’ म्हणजे यंत्राचं सेवा-आयुष्य. तिन्हींना ‘व्हॅलिडिटी’ लिहून मोकळं होऊ नका.

तपासणी अहवालात ‘पास’ या अर्थाचा शेरा असतो, त्याचं हमखास ‘क्वालिफाइड’ होतं. ‘कन्फॉर्म्स’ किंवा ‘पास’ लिहा.

७. सक्ती, शिफारस आणि इशारे

चिनी मानकांत ‘यिंग’ म्हणजे ‘शॅल’, ‘यी’ म्हणजे ‘शुड’, ‘खअ’ म्हणजे ‘मे’. ‘बू यिंग’ म्हणजे ‘शॅल नॉट’. बोलीतल्या चिनीत पहिला शब्द ‘पाहिजे’ इतपत सौम्य वाटतो आणि भाषांतर ‘शुड’वर घसरतं. तांत्रिक अटींच्या दस्तऐवजात अशी प्रत्येक घसरण म्हणजे सक्तीची एक अट सल्ला बनते.

इशाऱ्यांचंही तसंच. जीवावर बेतेल अशा धोक्याला ‘वॉर्निंग’, किरकोळ इजा किंवा यंत्राचं नुकसान होईल तिथे ‘कॉशन’, साधी माहिती असेल तिथे ‘नोट’. चिनी मॅन्युअलच्या सुरुवातीला या पातळ्यांची व्याख्या दिलेली असते. ती वाचून एकदाच जोड्या लावा. ‘जिनजी’ म्हणजे ‘काँट्राइंडिकेशन’. शब्दकोश तिथे ‘टॅबू’ सांगेल.

८. आकडे, तारखा, वर्ग

‘यीशांग’ म्हणजे त्या आकड्यासकट वर, ‘यीश्या’ म्हणजे त्या आकड्यासकट खाली. ‘९० यीशांग’ला ‘अबव्ह ९०’ लिहिलं तर ९० वगळले जातात. ‘९० ऑर मोअर’ लिहा. ‘छाओगुओ’ असेल तेव्हाच ‘मोअर दॅन’.

‘वान’ म्हणजे १०,०००. आपल्या डोक्यात लाख-कोटी पक्के असतात, म्हणून ‘५० वान’ वाचताना थांबा: पाच लाख. दाब कधी किलोपास्कलमध्ये असतो, कधी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. मूळ एकक तसंच ठेवा, स्वतः रूपांतर करू नका. पडताळायचंच असेल तर १ किलोपास्कल म्हणजे सुमारे ७.५ मिलिमीटर पारा.

तारीख चिनीत वर्ष-महिना-दिवस अशी असते. ती तशीच, २०२४-०३-०५ या पद्धतीने लिहा. ०३/०५ केलंत की मार्च की मे, हा वाद सुरू.

आणि वर्ग! चीनचे वर्ग १, २, ३. भारताचे ए, बी, सी, डी. यांची थेट जोडी लागत नाही. ‘क्लास ३’ दिसला म्हणून ‘क्लास डी’ लिहायचं नाही. भारतातला वर्ग सीडीएससीओच्या यादीतून आयातदाराने ठरवायचा. शिवाय विद्युत सुरक्षेचे क्लास १ आणि क्लास २ हे आणखी वेगळेच, ते अर्थिंगशी संबंधित आहेत. चिनीत दोन्हीकडे एकच अक्षर, ‘लेइ’. पुढे-मागे ‘विजेच्या धक्क्यापासून संरक्षण’ असे शब्द असतील तर तो विद्युत वर्ग. तिथेच बी, बीएफ, सीएफ हे अप्लाइड पार्टचे ‘टाइप’ही असतील. त्यांचा भारताच्या बी किंवा सी वर्गाशी काडीचाही संबंध नाही.

९. स्कॅन आणि मशीन-भाषांतर

स्कॅनमधून अक्षरं उचलणारं सॉफ्टवेअर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत गोंधळतं. ‘वेइ’ आणि ‘मो’ ही जोडी बघा. दोन्हींत एक उभी रेघ, दोन आडव्या, खाली दोन तिरक्या. वरची आडवी आखूड आणि खालची लांब असेल तर ‘वेइ’, म्हणजे ‘अजून नाही’. वरची लांब असेल तर ‘मो’, म्हणजे ‘शेवट’. पाकिटावरचं ‘वेइ म्येज्युन’ म्हणजे निर्जंतुक केलेलं नाही. रेघ चुकली की ‘नाही’ गायब. लेबलवरचं प्रत्येक नकारार्थी अक्षर मूळ फोटो मोठा करून डोळ्यांनी बघा.

मशीन-भाषांतर वर्ज्य नाही. शब्दसूची तयार झाल्यावर कच्चा मसुदा म्हणून घ्या. पण आयातदाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याचा तांत्रिक दस्तऐवज फुकटच्या संकेतस्थळांवर चढवू नका. त्यात उत्पादकाची गुपितं असतात.

१०. काम सोपवताना

दर शक्यतो मूळ चिनी अक्षरांवर ठरवा. इंग्रजी शब्दांची संख्या काम संपल्यावरच कळते. साधारण १००० अक्षरांचे ६०० ते ७०० इंग्रजी शब्द होतात. तपासणीचे दिवस वेगळे मागा. अर्जंटच्या नावाखाली तपासणी कापणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

फाइलसोबत शंकांची यादी द्या: पान, ओळ, शंका, तुमचा तात्पुरता निर्णय. मूळ चिनीतच चूक असते, जसं एका पानावर ३० आणि दुसऱ्यावर ६० मिनिटं. तुम्ही दुरुस्त करू नका. जसं आहे तसं लिहा आणि यादीत नोंदवा. उत्तर उत्पादकाने द्यायचं. भाषांतरावर कुणाचं प्रमाणन लागणार, नोटरीचं की आणखी कुणाचं, ते आयातदाराच्या रेग्युलेटरी माणसाकडून सुरुवातीलाच लेखी घ्या.

आणि लेबल छापायला जाण्याआधीचा प्रूफ मागूनच घ्या. तुमची वर्ड फाइल डीटीपीवाल्याच्या कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये गेली की फाँट बदलतो आणि मायक्रोचं चिन्ह इंग्रजी ‘एम’ होऊन बसतं. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट. अधिक-उणेच्या चिन्हाचं नुसतं अधिक होतं, पेक्षा-कमी-किंवा-समानचा चौकोन होतो. प्रूफ कागदावर काढा, शेजारी मूळ चिनी लेबल ठेवा, आणि एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवून तपासायचे. दोन्ही जुळल्यावरच सही करा.